उकळलेली लोकर

सत्यशीलाबाई,

तुम्ही माणसांना मारत होतात, हे आधी सांगून टाकते. हाताने, चपलेने, एकदा तर शाळेच्या घंटेच्या लाकडी टोल्याने. तुम्ही गेल्यावर परवा विहारात जी माणसं बोलायला उभी राहिली, त्यांनी तुम्हाला 'माउली' केलं आणि 'सोशिक' केलं. मी तिसऱ्या रांगेत दातओठ खात बसले होते. सोशिक! तुम्ही तिथे असतात तर बोलणाऱ्याच्या कानाखाली एक ठेवून दिली असतीत, आणि संध्याकाळी त्याच हाताने त्याच्या नातवासाठी टोपडं विणायला घेतलं असतंत. म्हणून आता मीच लिहिते. गोष्टीत 'मी, मी' करणाऱ्या म्हाताऱ्यांचा मला कंटाळा आहे, तेव्हा माझं नाव यात आलं तर 'उषाबाई' असंच येईल, तुम्ही हाक मारायचात तसं. कुठे चुकलं तर तोंडावर सांगायला तुम्ही नाही. हे मात्र वाईट झालं.

सत्यशीलाच्या डाव्या हाताची करंगळी वाकत नसे. ती कडूबाने मोडली होती. कडूबा म्हणजे तिचा नवरा. तो खडी फोडायच्या कामावर जायचा, आणि कामाची सवय त्याला घरी आल्यावरही सुटत नसे. एकदा भाकरी करपली म्हणून त्याने तिचा हात उंबऱ्यावर दाबून धरला आणि वरून वरवंटा घातला. जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात बोटं बांधली, सोडली, पुन्हा बांधली. बाकीची वाकू लागली, करंगळी ताठ राहिली.

त्या दवाखान्यात केरळातली एक नर्स होती. तिने सत्यशीलाला एक पोलादी क्रोशाची सुई आणि पांढऱ्या सुताचा गुंडा दिला. रोज बोटं हलव, नाहीतर उरलेलीही लाकूड होतील, असं तिने मोडक्यातोडक्या हिंदीत बजावलं. क्रोशात डाव्या हाताने धागा ताणून धरावा लागतो, आणि तो ताण राहावा म्हणून धागा करंगळीला गुंडाळतात. धडधाकट बाईची करंगळी थोड्या वेळाने दमते, धागा सैल पडतो, विणीतला एक खांब उंच तर एक बुटका होतो. सत्यशीलाची करंगळी दमायचा प्रश्नच नव्हता. ती खुंटीसारखी उभी. साखळी असो, खांब असो, मुका खांब असो, सगळे टाके एका मापाचे, कवायतीला उभे केल्यासारखे. नवऱ्याने मोडलेल्या बोटावर तिने पुढे पोट भरलं. यात काव्य शोधायचं कारण नाही. तिला स्वतःला त्यात काही विशेष वाटत नसे.

ती सुई घेऊन सत्यशीला घरी आली. कडूबाने पुन्हा हात उचलला त्या दिवशी तिने तोच वरवंटा उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. तो बोंबलत अंगणात लोळला, सगळी वस्ती गोळा झाली. सत्यशीला वरवंटा धुऊन पाट्यावर ठेवत म्हणाली, "तुमचं एक लाकूड, माझं एक लाकूड. आता बराबर झालं."

त्यानंतर कडूबा लंगडत चाले आणि घरात आवाज चढवत नसे. पुढे तो तापाने गेला. ती रडली, चांगली हंबरडा फोडून रडली, आणि लोकांना त्याचंच नवल वाटलं.

भोकरदनच्या मुलींच्या शाळेत ती शिपाईण म्हणून लागली, आणि उषाबाई त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला पुण्याहून आल्या. पहिल्याच आठवड्यात उषाबाईंनी पाहिलं ते असं: फाटकाशी सायकल लावून मुलींवर शिट्ट्या मारणारा एक टोणगा, त्याची कॉलर सत्यशीलाच्या डाव्या मुठीत, आणि उजव्या हातात घंटेचा टोला. तीन टोले त्याच्या पाठीत बसले आणि चौथा घंटेवर, कारण मधली सुट्टी संपली होती.

"अहो, असं मारायचं नसतं," उषाबाई म्हणाल्या. बी.ए. बी.एड. झालेल्या होत्या, म्हणणं भाग होतं.

"मंग कसं मारायचं असतं, बाई?" सत्यशीलाने मनापासून विचारलं.

तेव्हापासून दोघींचं जमलं.

त्या वर्षांत बाजारात कॅशमिलॉन आलं होतं. लोक त्याला लोकर म्हणत, पण मेंढीचा एक केस त्यात नव्हता. कारखान्यात रसायनातून ओढून काढलेला धागा, रंग पोपटी, राणी, नारिंगी, बघणाऱ्याच्या डोळ्यांत बोट घालणारे. स्वस्त म्हणून सत्यशीला तेच आणायची. शाळा सुटली की फाटकाच्या ओट्यावर बसून टोपडी, मोजे, बंड्या विणायची आणि आठवडी बाजारात पोतं अंथरून विकायची. उषाबाईंना ते बघवत नसे.

"टोचतं ते. घाम धरतं. आणि खरी ऊब तर नाहीच त्यात."

"घाम तुमाला येतो बाई, माडीवर राहता. आमच्या गिऱ्हाइकाला थंडी वाजते."

"खरी लोकर एकदा हातात धरून बघा तरी."

"धरली हाय. दवाखान्यात सिस्टरकडं व्हती. लई मऊ." सत्यशीलाने नारिंगी धागा करंगळीला एक वेढा दिला. "मऊ लागलं की लोक कोपरानं खणत्यात, बाई. कॅशमिलॉन बघा. धुवा, पिळा, दगडावर आपटा, काय बी होत न्हाई. मार खाऊन खाऊन पक्क्या झालेल्या बाईवानी हाय ते."

हे तिचं मत होतं आणि ते तिने एकदाच मोडलं, लेकीसाठी.

बेबीनंदा तिची एकुलती. शहागडला दिली होती. जावई संपत ट्रक चालवायचा. गोदावरीच्या पुलाशी हमरस्त्याला लागून त्यांची वस्ती, घरात तो आणि त्याची आई गयाबाई. आणीबाणी उठली त्या साली बेबीनंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सत्यशीलाने तिला न्हाऊ घालायला बसवलं, आणि पाठीवरून तांब्या ओतता ओतता तिचा हात थांबला. पाठीवर वळ होते. जुने काळे, नवे लाल, पट्टीने आखावेत तसे सरळ.

"कशानं?"

"पट्ट्यानं. ट्रकचा जुना पट्टा."

"जायचं न्हाई परत."

"जायचंय," बेबीनंदा म्हणाली. पाण्याने डोळे मिटलेले, आवाज पक्का. "माय, तू बापाचा गुडघा फोडला ते समद्या गावानं पाह्यलं. त्यापायी माझं कुठं जमत नव्हतं. हानमार करनाऱ्या बाईची पोरगी म्हून लोक परत जायचे. मला तुझ्यावानी न्हाई व्हायचं. मला नांदायचंय."

सत्यशीलाला आजवर अनेकांनी मारलं होतं. असं कुणी मारलं नव्हतं. ती पाणी ओतत राहिली.

दुसऱ्या दिवशी बेबीनंदाने सासूचा निरोप सांगितला. पहिलटकरीण बाळ घेऊन सासरी परतते तेव्हा तिच्याबरोबर माहेरून बाळंतविडा जातो: दुपटी, झबली, टोपडी, डिंकाचे लाडू, सुंठ, खारीक. सासरच्या बाया तो ओसरीवर मांडतात, बोटांनी चाचपतात, आणि त्यावरून पुढची कितीतरी वर्षं बोलतात. गयाबाईचं म्हणणं होतं की नातवाच्या अंगाला कॅशमिलॉन लागता कामा नये. खरी लोकर पाहिजे.

"विडा चांगला गेला ना माय, तर सासू माझ्या बाजूची व्हईल," बेबीनंदा म्हणाली. "सासू माझ्या बाजूची झाली तर ते मारनार न्हाईत. तिचं ऐकतेत ते."

सत्यशीलाने दोन दिवस कुणाला मारलं नाही. मग ती उषाबाईंकडे आली. "बाई, दिवाळीला पुन्याला जाता ना? ती मऊवाली लोकर आना. पांढरी."

"तुम्हीच म्हणत होतात कोपरानं खणतात म्हणून."

"म्हनत व्हते. पर जगात मऊ वागून नांदनाऱ्या बाया बी असतीलच की. माझ्या पोरीला त्यातली एक व्हायचंय तर हूं द्या. बघू."

पुण्याहून लोकर आली. दुधावरच्या सायीच्या रंगाची. सत्यशीलाने लडी हातात घेतली, गालाला लावली आणि म्हणाली, "करडाच्या कानावानी हाय." रोज हात धुऊन, नखं काढून, पांढरं फडकं मांडीवर घेऊन ती बसे. या धाग्याला तिची करंगळी जास्त झाली. कॅशमिलॉनच्या सवयीने ओढला की तो तुटे, मग शिव्या देत ती गाठ मारी. चुलीपाशी बसायची नाही, धूर लागेल. मधे कुणी हात लावला तर फटका. बाळ जन्मलं, मुलगा झाला, आणि महिना उलटायच्या आत बंडी, टोपडं, मोजे आणि एक शाल असा विडा पुरा झाला. उषाबाईंनी बंडी उचलली तर हातात काही आहे असं वाटेना.

"गार पान्यात, रिठ्याच्या फेसात बुडवायची," सत्यशीलाने लेकीला बजावलं. "पिळायची न्हाई. आपटायची न्हाई. फडक्यावर आडवी वाळवायची. तुझ्या हातानंच करायचं, समजलं?"

न्यायला गयाबाई आणि संपत दोघं आले. गयाबाई कडक, शिडशिडीत बाई. पांढऱ्या लुगड्यावर एक डाग नाही. तिने शाल बोटांत धरली, उलटी केली, सुलटी केली, आणि पहिल्यांदा हसली. "इहीनबाई, हात हाय तुमचा."

संपत जेवला, पोराला मांडीवर घेऊन बसला, सासूच्या पाया पडला. सत्यशीला त्याला म्हणाली, "जावईबापू, लोकर मऊ हाय. पोरगी बी मऊ हाय. दोन्ही जपून."

"जपतो की," तो म्हणाला आणि हसला.

त्यानंतरचा निरोप एसटीच्या कंडक्टरने आणला. रखमाजी कंडक्टर ओळखीचा होता. शाळेच्या फाटकाशी येऊन त्याने कागदात गुंडाळलेलं एक पुडकं दिलं आणि खाली बघत म्हणाला, "शहागडहून तुमच्या जावयानं धाडलंय. म्हन्ला, सासूला सांग, आखूड मालाचा बाजार दुसरीकडं मांड."

सत्यशीलाने कागद सोडला. आत बंडी होती. बाहुलीला बसली असती एवढी. जाड, कडक, घोंगडीच्या तुकड्यासारखी. खांब नाही, साखळी नाही, सगळं एकमेकांत मिसळून गोळा झालेलं. आणि बाहीवर तपकिरी डाग. तिने डागावर अंगठा फिरवला. अंगठ्याला वाळलेली खपली लागली.

"काय झालं हे?" उषाबाईंनी विचारलं.

"उकळली," सत्यशीला म्हणाली. "सोडा घालून उकळली. कॅशमिलॉन असतं तर जसंच्या तसं निघालं असतं." तिने बंडी कमरेला खोचली, फाटकाच्या ओट्यावरची आपली पोलादी सुई उचलली, अंबाड्यात खुपसली, आणि स्टँडकडे चालू लागली.

उषाबाई मागे धावल्या. शाळा सोडून धावल्या. हेडबाई ओरडत राहिल्या. भोकरदन ते जालना, जालना ते शहागड, सगळ्या वाटेवर त्या एकच गोष्ट सांगत होत्या: आधी पोलिसांकडे जाऊ, मी बोलते, माझं ऐकतील.

"तुमी जा पोलिसाकडं," सत्यशीला खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मी पोरीकडं जाते. ज्याला जे येतं त्यानं ते करावं."

शहागडला उतरल्यावर उषाबाईंनी ठरवलं की चौकी राहू दे, आधी ही बाई एकटी नको जायला.

घर हमरस्त्याच्या मागे होतं. पत्र्याचं, दोन खोल्यांचं, आणि इतकं स्वच्छ की उषाबाईंना आपल्या चपलांची लाज वाटली. अंगण सारवलेलं, भिंती चुन्याच्या, दोरीवर कपडे एकाशेजारी एक, पांढरेशुभ्र. अंगणात तीन दगडांवर हंडा चढवलेला होता, सोड्याचं पाणी खदखदत होतं आणि गयाबाई धोपाटण्याने आतले कपडे खाली दाबत होती. बाळ तिच्या कडेवर होतं.

सत्यशीलाने कमरेची बंडी काढली आणि तिच्यापुढे धरली. "हे कुनी उकळलं?"

"मी उकळलं," गयाबाई ताठ मानेने म्हणाली. "आमच्यात समदं उकळूनच वापरत्यात. चांगल्या मालाला काय होत नसतं. तुमी वरून मऊ दावलं अन् आतून खोटं दिलं."

"लोकर उकळत न्हाईत, इहीनबाई. बेबीनं सांगितलं असंल तुमाला."

"सांगितल्तं. म्हन्ली, गार पान्यात बुडवा. गार पान्यानं कधी कापड निघतं? मी रामराव पाटलाच्या गोठ्यात शेन काढाया जात व्हते. त्यांची बायको मला पदर नाकाला लावून बोलायची. म्हनायची, तुमच्या लोकांच्या कपड्याला वास येतो. तवापासून माझ्या घरातलं फडकं बी उकळल्याबिगर दोरीवर गेलं न्हाई. येऊ द्या आता कुनाला, घेऊ द्या वास!"

  सत्यशीलाने बंडीकडे पाहिलं, दोरीवरच्या कपड्यांकडे पाहिलं. क्षणभर असं वाटलं की दोघी आता खाली बसतील आणि बोलतील.

मग तिने विचारलं, "पोरगी कुठं हाय?"

गयाबाईने मान फिरवली. आतल्या खोलीत बेबीनंदा गोधडीवर बसलेली होती. उजव्या कानात कापूस, कापसातून काळं झालेलं रक्त गळ्यापर्यंत ओघळून वाळलेलं. मनगट सुजून टम्म. आईचं तोंड हलताना दिसलं तशी तिने डावा कान पुढे केला. उजव्याने तिला ऐकू येत नव्हतं. पुढे कधी आलंही नाही.

"माय, तू काहून आली? ते हाटेलात बसलेत. जल्दी जा. तू दिसली की पुन्हा मारतील."

"ऊठ. पोराला घेऊ अन् निघू."

"पोरगं देनार न्हाईत ते. आन् पोराबिगर मी येनार न्हाई."

"मऊ वागून पाह्यलं ना? आता ऊठ."

तेवढ्यात संपत आला. कुणीतरी त्याला हॉटेलात जाऊन सांगितलं होतं. दारू प्यालेला नव्हता. उषाबाईंनी हे नंतर कोर्टातही ठासून सांगितलं, कारण सगळे तेच विचारत होते आणि तीच पळवाट होती. शुद्धीत होता तो. हसत होता.

"आल्या का सासूबाई! माल बदलून आनला का?"

बेबीनंदा भिंत धरून दाराशी आली. त्याने तिचे केस धरले आणि तिला अंगणात ओढली, पोतं ओढावं तशी. सत्यशीला मधे गेली आणि तिने जावयाच्या मुस्कटात मारली. आवाज रस्त्यापर्यंत गेला असावा, कारण ढाब्यावरची माणसं उठून कुंपणाशी आली. आली ती बघायला. बघत उभी राहिली.

संपतने आईच्या हातातलं धोपाटणं हिसकलं. पहिला घाव सत्यशीलाच्या खांद्यावर बसला आणि ती गुडघ्यावर आली. दुसरा डोक्यावर यायचा होता, तो तिने डाव्या हातावर घेतला आणि हाड कडाडलं. उषाबाई ओरडत होत्या. काय ओरडत होत्या ते त्यांनाही नंतर आठवेना. बहुधा इंग्रजीत ओरडत होत्या, कारण कुंपणापाशी कुणीतरी हसलं.

"संप्या!" गयाबाई कडेवरच्या पोराला घेऊन पुढे आली. "संप्या, बास! पोराला लागंल!"

तिसरा घाव तिच्या कपाळावर बसला. चुकून बसला, असं धरून चालू. पण त्याने पाहिलं की आपण कुणाला मारलं, आणि तरी पुन्हा उचललं.

"तूच उकळलं ते! तुझ्यापायी झालं समदं! तुझं उकळनं, तुझी सफाई!"

गयाबाई खाली बसली. कपाळ फुटलं होतं, रक्त डोळ्यांत जात होतं, आणि पोराला तिने पोटाखाली घेतलं होतं. पोरगं किंचाळत होतं. धोपाटणं वर होतं.

सत्यशीलाचा उजवा हात अंबाड्याकडे गेला. सुई निघाली आणि संपतच्या उचललेल्या हातात, कोपराच्या खाली, मुठीपर्यंत शिरली. आत जायला तिला काहीच वेळ लागला नाही. पण क्रोशाच्या सुईला टोकाशी आकडा असतो. संपतने ती उपटायचा प्रयत्न केला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो बैल कापतानासारखा होता. आकड्याला आतलं काहीतरी अडकलं होतं. तो मागे सरकला, टाच दगडावर आपटली, हंडा कलंडला, आणि सोड्याचं उकळतं पाणी त्याच्या दोन्ही पावलांवरून अंगणभर गेलं. वाफेत काही दिसेना. मग दिसलं तेव्हा तो लोळत होता आणि त्याच्या भोवती गयाबाईचे पांढरे कपडे पडले होते.

कुंपणापाशी आता कुणी हसत नव्हतं.

गयाबाई उठली. कपाळावर हात दाबला होता, बोटांतून रक्त येत होतं. तिने मुलाकडे पाहिलं. मग चार पावलं चालून बेबीनंदासमोर गेली आणि बाळ तिच्या हातात कोंबलं.

"घेऊन जा. आज मला हानलं, उद्या ह्याला हानील."

"तुमी बी चला, आत्याबाई," बेबीनंदा म्हणाली.

"मी कुठं जाऊ? हे कपडे कोन उचलील?"

आणि ती खरंच खाली वाकली आणि चिखलातला एकेक कपडा उचलू लागली. सत्यशीलाने एका हाताने, दुसरा लोंबत होता, दोन कपडे उचलून तिला दिले. एवढंच दोघींचं बोलणं झालं.

बेबीनंदा आणि बाळ उषाबाईंबरोबर भोकरदनला आली. सत्यशीला गेली ती चौकीवरून आलेल्या जमादाराबरोबर. तिने हात पुढे केले आणि म्हणाली, "सावकाश बांधा साहेब, डावा मोडलाय." संपतच्या हातातली सुई डॉक्टरला चीर देऊन काढावी लागली. अंबडच्या कोर्टात खटला चालला. वकिलाने विचारलं, पश्चात्ताप होतो का. ती म्हणाली, "व्हतो ना साहेब. खरी लोकर द्यायची न्हाई त्या घरात." लोक हसले. तिने विनोद केलेला नव्हता. तिला काही महिन्यांची सजा झाली, औरंगाबादच्या तुरुंगात, आणि शाळेची नोकरी गेली. गयाबाई साक्षीला आली तेव्हा तिने फक्त एक सांगितलं: पहिला वार माझ्या पोरानं केला. कपाळावरची खूण तिने पदराने झाकली नव्हती.

सुटून आल्यावर सत्यशीलाने पुन्हा ओट्यावर बसून कॅशमिलॉन घेतलं. आता फाटकाच्या बाहेरच्या बाजूला. बेबीनंदा तिच्या उजव्या बाजूला बसे, कारण ऐकू येणारा कान आईकडे पडे, आणि दोघी पोपटी, राणी, नारिंगी विणत. नातू तेच घालून वाढला; अंग खाजवत वाढला, पण वाढला. ती आटलेली बंडी सत्यशीलाने टाकली नाही. उसवायला ती उसवत नव्हती, फाटतही नव्हती. चुलीवरचं तापलेलं भगुणं उतरवायला तिने ती ठेवली. हाताला चटका बिलकुल लागत नाही, म्हणायची, याच्याइतकी चांगली पकड बाजारात मिळायची नाही.

तुरुंगातून आली त्या दिवशी तिने पाणी पिऊन पहिला प्रश्न विचारला होता, "बाई, माझी सुई?"

सुई मुद्देमालात जमा होती. खटला संपला होता. अंबडला जायचं, अर्ज टाकायचा, सही करून सुई सोडवून आणायची. सत्यशीलाला पुन्हा त्या पायऱ्या चढायच्या नव्हत्या, म्हणून काम उषाबाईंकडे आलं. त्या परीक्षा झाल्या की जाणार होत्या. मग त्यांची बदली परतूरला झाली. मग तिथून परतूर-अंबड बस सोयीची नव्हती. सत्यशीलाने छत्रीची काडी दगडावर घासून तिला आकडा काढला आणि त्या सुईवर विणत राहिली. चांगली चालायची, फक्त खांब किंचित बारीक यायचे.

दर भेटीत ती विचारायची, "बाई, अंबडला गेल्त्या का?"

"नाही हो, राहूनच गेलं."

"मंग पुढल्या खेपेला," ती म्हणायची, आणि धागा करंगळीला गुंडाळायची.